गाडीचा विमा: हप्ता किती, कपात किती आणि हक्क कोणते

अपघात झाला की रस्त्यावर पहिला प्रश्न येतो, 'चूक कोणाची?' गॅरेजमध्ये गेलो की पहिला प्रश्न येतो, 'इन्शुरन्स चालू आहे ना?' दोन्ही प्रश्नांची उत्तरे देऊन झाली तरी गाडीमालक काही हजारांना मुकतो आणि जखमीच्या घरचे लोक कित्येक लाखांना. विमा काढताना हप्ता कुठे स्वस्त पडेल याची आपण चार ठिकाणी चौकशी करतो. दाव्यातून काय कापले जाईल, कंपनीला काय कापता येत नाही, कोणत्या तारखेच्या आत काय मागायचे, हे मात्र विचारायचे राहून जाते.

आधी कायद्याने लागणाऱ्या विम्याबद्दल. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार रस्त्यावर येणाऱ्या गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड 4,000 रुपये. पण दंड ही या प्रकरणातली सर्वांत किरकोळ रक्कम आहे. विमा नसलेल्या गाडीने कोणाचा जीव गेला तर भरपाई मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते, आणि ती न दिल्यास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. सातशे-आठशे रुपयांची पॉलिसी चुकवली म्हणून शेताचा तुकडा किंवा राहते घर पणाला लागू शकते.

हप्त्याचे दर केंद्र सरकार ठरवते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक स्कूटर आणि मोटारसायकलींना, वर्षाला 714 रुपये पडतात. 150 ते 350 सीसीला 1,366 आणि त्यापुढे 2,804. खासगी कार 1000 सीसीपर्यंतची असेल तर 2,094, 1000 ते 1500 सीसीची असेल तर 3,416 आणि त्याहून मोठी असेल तर 7,897. यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 1200 सीसीच्या कारला करासह साधारण 4,031 रुपये, दुचाकीला 843. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना दरात 15 टक्के सवलत आहे. नवी गाडी घेताना कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 1 सप्टेंबर 2018 पासून हा नियम आहे. नूतनीकरणाच्या दिवशी चालू दर पाहून घ्या, पण एक गोष्ट पक्की: हा दर सगळ्या कंपन्यांचा सारखाच असतो. 'थर्ड पार्टी तुम्हाला अर्ध्या किमतीत करून देतो' असे कोणी म्हणत असेल तर ती पॉलिसी बनावट असण्याची शक्यता मोठी. पैसे भरल्यावर काही दिवसांनी एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख बदलली का, ते पाहावे.

थर्ड पार्टी विम्यात समोरच्याचा मृत्यू किंवा दुखापत यांची भरपाई अमर्याद आहे. समोरच्याच्या मालमत्तेचे नुकसान मात्र कारच्या पॉलिसीत साडेसात लाख आणि दुचाकीच्या पॉलिसीत एक लाख रुपयांपर्यंतच. काही पॉलिसींमध्ये शंभर-एक रुपये वाचवण्यासाठी ही मर्यादा 6,000 वर आणलेली असते. पॉलिसीत 'टीपीपीडी' या ओळीपुढे तो आकडा दिसला तर नूतनीकरणाच्या वेळी बदलून घ्या. आज एखाद्या कारचा एक दिवासुद्धा सहा हजारांत येत नाही.

सर्वांत मोठा गैरसमज दुचाकीवर मागे बसणाऱ्याबद्दल आहे. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तुमच्या मागे बसलेली बायको किंवा तुमच्या कारमध्ये बसलेले पाहुणे त्या पॉलिसीत आपोआप येत नाहीत. लोक ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतात त्या सर्वसमावेशक पॉलिसीत ते येतात. म्हणून गाडी जुनी झाली, आता नुसता थर्ड पार्टी पुरे, असे ठरवण्याआधी त्या गाडीवरून रोज कोण जाते, हे आठवा. दुचाकीवरून मुलांना शाळेत सोडणाऱ्या घराने तरी हे काही शे रुपये वाचवू नयेत.

दुसरा गैरसमज चालक-मालकाच्या 15 लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याबद्दल. हा विमाही सक्तीचा आहे. घरात तीन गाड्या एकाच नावावर असतील तर एकदाच काढला तरी चालतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर पूर्ण रक्कम मिळते, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी. अपघातात चूक स्वतःची असली तरी ही रक्कम मिळते, आणि कित्येक घरांत कर्ता पुरुष गेल्यावर असा काही विमा आहे हेच माहीत नसल्याने कोणी मागायला जात नाही. पण त्याच्या दोन अटी आहेत: गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर हवी आणि परवाना चालू हवा. वडिलांच्या नावाची मोटारसायकल मुलगा चालवत असेल, आणि आपल्याकडे हे घरोघरी असते, तर हे संरक्षण मुलाला मिळत नाही. एक तर गाडी त्याच्या नावावर करा किंवा त्याचा वेगळा अपघात विमा काढा.

गॅरेजचे बिल आणि हातात येणारे पैसे

आता स्वतःच्या गाडीच्या नुकसानीकडे येऊ. तक्रारी इथेच सर्वाधिक होतात, कारण बिल एक असते आणि मंजूर रक्कम दुसरी. फरक मुख्यतः घसाऱ्याचा असतो. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर 50 टक्के कपात होते, गाडी कितीही नवी असो. फायबरग्लासवर 30 टक्के. काचेवर काहीच नाही. पत्र्याच्या आणि इतर भागांवर गाडीच्या वयानुसार: पहिले सहा महिने शून्य, मग वर्षापर्यंत 5 टक्के, दुसऱ्या वर्षी 10, तिसऱ्या वर्षी 15, चौथ्या वर्षी 25, पाचव्या वर्षी 35, त्यानंतर दहा वर्षांपर्यंत 40. मजुरीवर घसारा नसतो. रंगकामात फक्त रंगसाहित्याच्या किमतीवर 50 टक्के कापतात. बिलात साहित्य वेगळे दाखवलेले नसेल तर एकूण रंगकामाचा चौथा भाग साहित्य धरतात.

हे एका बिलावर करून पाहू. समजा साडेतीन वर्षांची 1200 सीसीची कार समोरून ठोकली. बंपर 8,000, हेडलाइट 9,000, बॉनेट 10,000, समोरची काच 7,000, रंगकाम 8,000, मजुरी 6,000. हिशेब सोपा राहावा म्हणून कर बाजूला ठेवू. बिल झाले 48,000. बंपर आणि हेडलाइट प्लास्टिकचे, म्हणून 4,000 आणि 4,500 गेले. बॉनेट पत्र्याचे, गाडीचे चौथे वर्ष, म्हणून 25 टक्क्यांनी 2,500 गेले. काच पूर्ण मिळाली. रंगकामात साहित्य 2,000 धरले, त्याचे निम्मे म्हणजे 1,000 गेले. मजुरी पूर्ण. एकूण कपात 12,000. यावर सक्तीचा स्वहिस्सा: 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1,000, त्यावरच्या कारला 2,000, दुचाकीला 100. म्हणजे 48,000 च्या बिलातले 35,000 कंपनी देणार आणि 13,000 तुमचे. तुमच्या मंजुरीपत्रात यापेक्षा जास्त कपात असेल तर प्रत्येक ओळीचे कारण विचारा. काचेवर घसारा लावलेला, मजुरीतून टक्के कापलेले, रंगकामाच्या पूर्ण रकमेचे निम्मे केलेले आढळले तर ते चूक आहे आणि दुरुस्त करून मागता येते.

याच गाडीला 'झिरो डेप', म्हणजे घसारा न कापण्याची जोड, घेतलेली असती तर खिशातून गेले असते स्वहिस्स्याचे 1,000. ही जोड साधारणतः पाच वर्षांपर्यंतच्या गाड्यांना देतात आणि वर्षात किती दावे चालतील याला बऱ्याचदा मर्यादा असते. ती पॉलिसी घेतानाच वाचावी. माझे मत असे, की पहिली पाच वर्षे झिरो डेप सोडू नये. पंधरा-वीस प्रकारच्या बाकीच्या जोड्यांपैकी मुंबई, ठाणे, कोल्हापूर, सांगली इथे राहणाऱ्यांनी इंजिन संरक्षणाचा विचार नक्की करावा. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान येते, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला गेल्याने इंजिनमध्ये पाणी शिरले तर ते 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारले जाते. पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावू नका; फोटो काढा, ढकलून बाजूला घ्या आणि टोइंग बोलवा.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर जात असेल तर गाडी पूर्ण निकामी धरतात आणि आयडीव्हीप्रमाणे रक्कम देतात. म्हणून हप्ता कमी दिसावा यासाठी आयडीव्ही खाली ओढून घेणे घातक. तीन ते चार वर्षांच्या गाडीला 40 टक्के, चार ते पाचला 50 टक्के घसारा हे प्रमाण आहे. त्याहून कमी आयडीव्ही कोणी दाखवत असेल तर नकार द्या.

लहान नुकसानीचा दावा करावा का? इथे बोनसचे गणित मांडा. दावा न केलेल्या वर्षांमागे स्वनुकसानीच्या हप्त्यात 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के अशी चढती सवलत, म्हणजे एनसीबी, मिळते. एक दावा केला की ती शून्यावर येते. समजा हप्त्याचा स्वनुकसानीचा भाग 10,000 आहे, आज 45 टक्के बोनस आहे आणि पुढच्या वर्षी 50 होणार होता. दावा केलात तर पुढच्या वर्षी 5,000 जास्त, त्यानंतर 3,000, मग 2,500, 1,500 आणि 500. पाच वर्षांत 12,500 रुपये. हप्ता दरवर्षी थोडा उतरतो म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा कमी होईल, पण दारावरचा ओरखडा चार हजारांत निघत असेल तर स्वतः भरलेले बरे. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, हेही लक्षात ठेवा. जुनी गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचे पत्र घ्या. ते तीन वर्षे चालते आणि नव्या गाडीला लावता येते. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की मात्र बोनस जातो.

आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी: थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, पण स्वनुकसानीचा भाग 14 दिवसांत अर्ज करून स्वतःच्या नावावर करून घ्यावा लागतो. आरसी तुमच्या नावाची आणि पॉलिसी जुन्या मालकाची, अशा स्थितीत गाडी ठोकली तर दावा अडकतो. सीएनजी किट बाहेरून बसवले असेल तर तेही आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे चढवा.

दावा करताना

कोणी जखमी असेल तर सगळ्यांत आधी 112 आणि दवाखाना. 5 मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे: अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयात. 'आधी डिपॉझिट भरा' असे ऐकू आले तर या योजनेचे नाव घेऊन विचारा. ती रक्कम विमा असण्या-नसण्यावर अवलंबून नाही.

गाड्या हलवण्याआधी दोन्ही नंबरप्लेट दिसतील असे फोटो घ्या, समोरच्याचा परवाना आणि पॉलिसी यांचाही फोटो घ्या. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी उघडू देऊ नका. गॅरेजवाला घाईने बंपर काढून ठेवतो आणि मग 'हे नुकसान जुने आहे' असा शेरा येतो. कोणाला इजा झाली असेल किंवा गाडी चोरीला गेली असेल तर पोलिसांत नोंद हवीच; भिंतीला गाडी घासली एवढेच असेल तर सहसा लागत नाही. नेटवर्कमधल्या गॅरेजमध्येच गेले पाहिजे असे बंधन नाही. तुमच्या विश्वासाच्या मिस्त्रीकडे दुरुस्ती करून, पैसे भरून, नंतर परतावा मागता येतो. टोइंगचा खर्च साध्या पॉलिसीत कारला 1,500 आणि दुचाकीला 300 रुपयांपर्यंत मिळतो, पण पावती असेल तरच.

विमा नियामक आयआरडीएआयच्या जून 2024 च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या हाती बरेच काही दिले आहे. दावा कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून 7 दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. एखादा कागद नाही एवढ्या कारणाने दावा फेटाळता येत नाही. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ती ईमेलवर मागा, म्हणजे मागितल्याची तारीख राहते. पैसे द्यायला उशीर झाला तर बँक दरापेक्षा 2 टक्के जास्त व्याज द्यावे लागते. ते आपणहून मिळेल असे धरून बसू नका, लेखी मागा.

काही नकार ऐकताच मान्य करू नका. 'अपघाताच्या दिवशी पीयूसी नव्हते' या कारणाने दावा फेटाळता येत नाही, असा खुलासा नियामकानेच 2020 मध्ये केला. चोरीच्या प्रकरणात पोलिसांत लगेच फिर्याद दिली असेल आणि फक्त कंपनीला कळवायला उशीर झाला असेल, तर तेवढ्यावरून खरा दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात सांगितले. चोरीच्या दाव्याला गाडीच्या दोन्ही चाव्या आणि पोलिसांचा 'अ समरी' अहवाल लागतो. तो मिळायला महिने जातात, म्हणून पाठपुरावा पहिल्या आठवड्यापासून करा. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवल्यास परवाना अवैध ठरत नाही, असा घटनापीठाचा निकाल 6 नोव्हेंबर 2024 चा आहे. छोटा टेम्पो चालवणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. पॉलिसीची एखादी अट मोडली, पण तिचा नुकसानीशी थेट संबंध नाही, अशा प्रकरणांत पूर्ण नकाराऐवजी 75 टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा पायंडा 2010 च्या अमलेंदू साहू निकालाने घातला. दारू पिऊन चालवलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र यातले काहीही उपयोगी पडणार नाही.

जखमीचा आणि मृताच्या घरच्यांचा हक्क

रस्त्याच्या कडेला किंवा पोलीस ठाण्याच्या आवारात होणारी मांडवली ही सगळ्यांत महागडी गोष्ट आहे. पन्नास हजार हातावर ठेवले जातात, 'माझी काही तक्रार नाही' असे लिहून घेतले जाते आणि घरचे लोक क्रियाकर्माच्या धावपळीत सही करून मोकळे होतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण काय हिशेब करते ते पाहा. 35 वर्षांचा, स्वतःचा छोटा धंदा करणारा, महिना 20,000 कमावणारा माणूस समोरच्याच्या चुकीने गेला. मागे बायको, दोन मुले आणि आई. सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतल्या सूत्राप्रमाणे भविष्यातल्या वाढीसाठी 40 टक्के मिळवून 28,000. वर्षाचे 3,36,000. चार अवलंबित असल्याने त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा भाग वजा, उरले 2,52,000. वयाचा गुणक 16. म्हणजे 40,32,000 रुपये, आणि त्यावर सहजीवनाचे नुकसान, अंत्यविधी वगैरेंची ठरलेली रक्कम. पन्नास हजार आणि चाळीस लाख यांत किती अंतर आहे, ते सही करण्याआधी कोणीतरी त्या बाईला सांगायला हवे.

या दाव्याचा अर्ज या न्यायाधिकरणाकडे करायचा. अपघात झाला त्या ठिकाणीच जावे लागते असे नाही. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. सोलापूरचा माणूस नवी मुंबईत गेला तरी त्याच्या घरच्यांना सोलापुरातच अर्ज करता येतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. पोलिसांनी 48 तासांत अपघाताचा प्राथमिक अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. त्याच्या प्रती मागून घ्या. चूक कोणाची या वादात न पडता कलम 164 खाली मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी ठरलेली भरपाई घेण्याचाही मार्ग आहे, पण वरचा हिशेब पाहता कमावत्या माणसाच्या बाबतीत तो घाईने निवडू नये. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000 मिळतात.

वकिलाच्या फीबद्दल स्पष्ट बोला. मिळणाऱ्या भरपाईचे टक्के फी म्हणून ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. लोकअदालतीत तडजोड करत असाल तर आकडा आधी घरी बसून काढा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नसते.

स्वतःच्या गाडीचा दावा कंपनीने नाकारला किंवा कमी दिला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. दाद लागत नसेल तर नियामकाचे 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा 155255 हा क्रमांक आहे. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. हा रस्ता पॉलिसीधारकाचा आहे. रस्त्यावरच्या जखमीने न्यायाधिकरणाकडेच जायचे. लोकपाल नको असतील तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि गाडीच्या विम्याचा हप्ता पाच लाखांच्या आतच असल्याने तिथेही तक्रारीचे शुल्क लागत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. लोकपालांकडे जाण्याची मुदत नकारापासून एक वर्ष, ग्राहक आयोगाकडे दोन वर्षे. नकार तोंडी मिळाला असेल तर तो आजच लेखी मागून घ्या आणि त्या पत्रावर मिळाल्याची तारीख स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.